बावीस कोटींतलं एक भोक

तुमच्या घराखाली तांबं आहे, आणि तेही थोडंथोडकं नाही. पृथ्वीच्या कवचाच्या वरच्या थरात सरासरी टनामागे २८ ग्रॅमच्या आसपास तांबं असतं. एक किलोमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल असा सरासरी खडकाचा ठोकळा कल्पनेत कापून काढा. त्याचं वजन भरेल २७० कोटी टन आणि त्यातलं तांबं ७५ हजार टन. टनाला दहा हजार डॉलर भाव धरला तर हा माल ७५ कोटी डॉलरचा झाला. पुणे, सातारा, नाशिककडच्या वाचकांनी तर आणखी खूश व्हावं. आपल्या काळ्या पत्थरात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, टनाला शंभर ग्रॅमच्या वर तांबं असतं. तिथे तोच ठोकळा तीन लाख टनांच्या घरात जातो.

आणि या सगळ्या तांब्याची बाजारात किंमत शून्य. ते खडकाच्या कणाकणांत इतकं विखुरलेलं आहे की काढायचा खर्च मिळकतीच्या कैक पट होईल. खाण चालायची तर निसर्गाने आधी कधीतरी हे विखुरलेलं तांबं धुऊन, वाहून, एका जागी आणून ठेवलेलं असावं लागतं. किती एकवटावं लागतं? मोठ्या खाणीत टक्क्याच्या आतबाहेर तांबं असलं तरी चालतं. ०.७ टक्के म्हणजे टनाला सात किलो, म्हणजे सरासरीच्या अडीचशे पट.

दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या उत्तरेला साडेपाचशे किलोमीटरवर निसर्गाने हे काम ज्या प्रमाणात केलंय ते पाहिलं की आकड्यांवरचा विश्वास उडतो. ऑलिम्पिक डॅम हे त्या ठेव्याचं नाव. आजवर मोजलेला साठा साधारण एक हजार कोटी टन खडकाचा आहे. ०.७ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात सात कोटी टन तांबं आहे. सगळं जग मिळून वर्षाला सव्वादोन कोटी टनांच्या आसपास तांबं खणतं, म्हणजे ही एकच जागा जगाला तीन वर्षं पुरेल. तेवढं तांबं सरासरी खडकात शोधायला गेलात तर नऊशेहून अधिक घन किलोमीटर खडक पिळावा लागेल. सोबत जगातला सर्वांत मोठा ज्ञात युरेनियमचा साठाही इथेच आहे. शिवाय टनाला ०.३ ग्रॅमच्या आसपास सोनं. ०.३ ग्रॅम म्हणजे चिमूटसुद्धा नव्हे, पण हजार कोटी टनांनी गुणलं की तीन हजार टन होतं. आपल्या रिझर्व्ह बँकेकडे २०२५ मध्ये पावणेनऊशे टनांच्या आसपास सोनं होतं.

इतका ठेवा, आणि जमिनीवर त्याची खूण म्हणून काही नाही. लाल वाळूच्या टेकाडांवर खुरटी झुडपं. त्याखाली सपाट पसरलेले चुनखडी, वाळूखडक आणि शेल यांचे थर, जाडी साडेतीनशे मीटर. ठेवा तयार झाला १५९ कोटी वर्षांपूर्वी. वरचे थर बसले ते त्यानंतर जवळपास शंभर कोटी वर्षांनी. मधल्या काळाचं पानच फाडलेलं. वरच्या थरांना खालच्या घडामोडींचा पत्ता नाही. ते आले तेव्हा खालचं सगळं थंड होऊन, झिजून, सपाट झालेलं होतं. त्या भागावरून शतकभर मेंढपाळ गेले, सर्वेक्षक गेले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकच्या सुमाराला रॉक्सबी डाउन्स नावाच्या पशुपालन केंद्रावर गुरांसाठी एक शेततळं खणलं आणि त्याला हौसेने ऑलिम्पिक नाव दिलं. गुरं जिथे पाणी पीत होती त्याच्या खाली सात कोटी टन तांबं पडून होतं.

मग ते सापडलं कसं? त्यासाठी आधी झाकलेल्या जमिनीचा पसारा किती, ते पाहू. ऑस्ट्रेलियाचं क्षेत्रफळ ७७ लाख चौरस किलोमीटर. त्यातली साधारण ८० टक्के जमीन वाळू, माती आणि नंतरच्या गाळाच्या थरांखाली झाकलेली आहे. म्हणजे ६१ लाख चौरस किलोमीटर. आपला अख्खा देश ३३ लाखांचा. जुना, धातू बाळगणारा खडक जिथे उघडा आहे तिथे सोन्याच्या मागे धावलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकापासून दगड न् दगड उलथला. उरलंय ते झाकणाखाली.

सरळ मार्ग काय? दर चौरस किलोमीटरला एक बोअर मारत सुटायचं. हिशेब करून बघू. ६१ लाख बोअर, प्रत्येकी पाचशे मीटर. एकूण साडेतीस लाख किलोमीटर. चंद्र पावणेचार-चार लाख किलोमीटरवर आहे. म्हणजे पृथ्वीवरून चंद्रापर्यंत जवळजवळ आठ वेळा. मीटरला दोनशे ऑस्ट्रेलियन डॉलर असा हातचा राखून भाव धरला तरी ६१ हजार कोटी डॉलर होतात, रुपयांत तेहतीस लाख कोटींच्या आसपास, म्हणजे भारत सरकारच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाच्या दोन-तृतीयांश. आणि एवढं करून? ऑलिम्पिक डॅमसारखा सहा किलोमीटर लांब राक्षस त्या जाळ्यात नक्की अडकेल. पण दोनशे मीटर रुंदीचा एखादा श्रीमंत, आटोपशीर साठा अडकण्याची शक्यता शंभरात तीन. चंद्राच्या आठ वाऱ्या करून सत्त्याण्णव टक्के वेळा तो दोन भोकांच्या मधून निसटणार.

खनिजशोधासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका मापाचं भोक ७५.७ मिलिमीटर व्यासाचं असतं, जेमतेम तीन इंच. आपल्याकडे शेतात पाण्यासाठी मारतात त्या बोअरच्या निम्म्याहूनही कमी. एका चौरस किलोमीटरचं क्षेत्रफळ असल्या एका भोकाच्या क्षेत्रफळाच्या २२ कोटी पट असतं. या धंद्यातला माझ्या मते सर्वांत भयंकर आकडा हाच. तांब्याचे टन नंतर येतात. आधी कोणीतरी त्या बावीस कोटींतल्या एका ठिपक्यावर खुंटी ठोकावी लागते आणि म्हणावं लागतं, भोक पाडायची रिग इथे उभी करा.

खुंटी कुठे ठोकायची हे ठरवायला वजनाचा आधार घेतात. जड खडक खाली असला की तिथे गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं. किंचित म्हणजे किती ते ऐकण्यासारखं आहे. हे मोजण्याचं एकक मिलिगॅल. पृथ्वीचं एकूण गुरुत्वाकर्षण या मापात सुमारे ९ लाख ८० हजार मिलिगॅल. म्हणजे एक मिलिगॅल हा साधारण दहा लाखांतला एक भाग. सत्तर किलोच्या माणसाचं वजन त्याने सत्तर मिलिग्रॅमने बदलेल. चांगलं यंत्र याच्याही शंभराव्या भागापर्यंत वाचतं. मात्र तेच यंत्र घेऊन एक मजला चढलात की आकडा जवळजवळ एक मिलिगॅलने खाली येतो, कारण तुम्ही पृथ्वीच्या मध्यापासून तीन मीटर लांब गेलात. तीन सेंटीमीटर उंचीचा फरकसुद्धा यंत्राला कळतो. त्यामुळे प्रत्येक ठिकाणची उंची सेंटीमीटरपर्यंत माहीत असावी लागते, नाहीतर तुम्ही खनिजाऐवजी वाळूचं टेकाड मोजून घरी याल. वर चंद्र आणि सूर्य आहेतच. भरती-ओहोटी समुद्रालाच येते असं आपण समजतो. यंत्राच्या आकड्यालाही दिवसभरात ०.२-०.३ मिलिगॅलची भरती-ओहोटी येते आणि ती रोज वजा करावी लागते.

आता खाली एक गोळा कल्पा, आजूबाजूच्या खडकापेक्षा दहा कोटी टनांनी जड. त्याचा मध्य पाचशे मीटर खोल असेल तर वर २.७ मिलिगॅलची वाढ दिसेल. हजार मीटरवर गेला तर ०.६७. दीड हजार मीटरवर ०.३, म्हणजे चंद्रसूर्यांच्या रोजच्या गडबडीइतकी. दहा कोटी टन जादा वजन आणि त्याचा मागमूस एवढाच. खोली दुप्पट झाली की खूण चौथाईवर येते. वजनासोबत खडकाचं चुंबकत्वही मोजतात; त्यात तर लहान गोळ्याची खूण खोली दुप्पट होताच आठव्या हिश्शावर येते.

एक गोष्ट मात्र शोधणाऱ्यांच्या बाजूची आहे. चुनखडी आणि वाळूखडकासारखे गाळाचे थर या यंत्रांना जवळपास पारदर्शक असतात. ते हलके असतात, एकसारखे पसरलेले असतात आणि त्यांच्यात चुंबकत्व जवळपास नसतं. आपल्या दख्खनच्या झाकणाची तऱ्हा निराळी. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटरचं भोक पाडलं, तेव्हा बेसॉल्ट ३३८ मीटर जाड निघाला. त्याखाली थोडा गाळ आणि मग जुना पायाभूत खडक. जाडी ऑलिम्पिक डॅमवरच्या झाकणाइतकीच. कोयनेजवळ रासाटीला मात्र बेसॉल्ट संपायला ९३३ मीटर जावं लागलं. ही भोकं भूकंपाच्या अभ्यासासाठी होती, धातूसाठी नव्हे. पूर्व विदर्भात जुना खडक उघडा आहे तिथे ठाणेवासन्याला तांबं सापडलेलं आहे, त्यामुळे लाव्ह्याखाली काय असेल हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. पण बेसॉल्ट स्वतःच जड आणि स्वतःच चुंबकीय. वजनाचं यंत्र आणि चुंबकाचं यंत्र दोघांनाही तो आधी स्वतःचीच कहाणी सांगत बसतो.

१९७० च्या दशकात वेस्टर्न मायनिंग कॉर्पोरेशन या कंपनीत शोधाचं काम रॉय वूडॉल पाहत होते. त्यांच्याकडे डग्लस हेन्स हा तरुण भूशास्त्रज्ञ होता. त्याचा अभ्यासाचा विषय म्हणजे लेखाच्या सुरुवातीला निरुपयोगी ठरवलेलं तांबं: जुन्या बेसॉल्टमधून प्राणवायूयुक्त पाणी फिरलं, तर खडकातलं तांबं सुटून कुठे जातं? त्याचं म्हणणं, असा झिजलेला बेसॉल्ट आणि त्यावर गाळाचे थर जिथे आहेत, तिथे सुटलेलं तांबं वरच्या थरांत अडकलेलं असणार. म्हणून आधी खाली दडलेला बेसॉल्ट शोधा. बेसॉल्ट जड आणि चुंबकीय. ह्यू रटर या भूभौतिकतज्ज्ञाने सरकारी सर्वेक्षणाचे नकाशे चाळून गुरुत्व आणि चुंबकत्व दोन्ही एकत्र वर उसळलेल्या जागा काढल्या. टिम ओ'ड्रिस्कॉल नावाचे तिसरे गृहस्थ कवचातल्या लांबच लांब सरळ रेषा आखून त्या कुठे छेदतात ते बघत. ही पद्धत आजही अनेक भूशास्त्रज्ञांच्या पचनी पडत नाही, आणि मलाही ती कुंडली मांडण्याच्या फार जवळची वाटते. पण तिघांची बोटं नकाशावर त्याच शेततळ्यापाशी आली.

१९७५ च्या मध्याला पहिलं भोक पडलं: आरडी-१, म्हणजे रॉक्सबी डाउन्स एक. ३५३ मीटरपासून ३८ मीटर लांबीत १.०५ टक्के तांबं लागलं.

आता गंमत बघा. खाली दडलेला बेसॉल्ट नव्हताच. होता चुराडा झालेला ग्रॅनाइट आणि त्यात हेमाटाइट, म्हणजे लोहाचं ऑक्साइड. ग्रॅनाइटचा घनमीटर २.७ टन भरतो, शुद्ध हेमाटाइटचा पाच टनांच्या वर. गुरुत्वाचा फुगवटा त्या लोखंडाचा होता. यंत्राने तांबं पाहिलंच नव्हतं. टक्का-दोन टक्के तांब्याने आकड्यात काय फरक पडणार? आणि चुंबकीय उसळीचं मूळ तर सापडलेल्या साठ्यापेक्षाही खोल आहे. म्हणजे सिद्धान्त एका खडकाचा, खूण दुसऱ्याची, सापडला तिसराच माल. याला निव्वळ नशीब म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. चुकीच्या कारणासाठी का होईना, पण बावीस कोटींतला नेमका ठिपका निवडण्यासाठी काहीतरी ठाम कारण जवळ असावं लागतं. कारणच नसलेला माणूस रिग भाड्याने घेत नाही.

पहिल्या भोकानंतर जल्लोष झाला असेल असं वाटत असेल तर थांबा. पुढची बरीच भोकं फुकट गेली किंवा जेमतेम काही दाखवून गेली. पाचव्यात ९२ मीटर लांबीत एक टक्का तांबं मिळालं, आणि पुन्हा निराशा. दहावं भोक, आरडी-१०, नोव्हेंबर १९७६ मध्ये लागलं आणि चित्र पालटलं: १७० मीटरमध्ये २.१ टक्के तांबं आणि टनाला सहाशे ग्रॅमच्या आसपास युरेनियम ऑक्साइड. जगातल्या एका महाकाय साठ्यावर उभं राहून नऊ भोकांनंतरही माणसं साशंक होती.

भोकातून नक्की काय वर येतं? पोकळ नळीच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेलं कडं असतं. ते गोल फिरत उतरतं आणि मधला दांडा शाबूत ठेवतं. त्या दांड्याला सगळे कोअरच म्हणतात. तीन-तीन मीटरच्या खेपांनी तो वर येतो, लांबट ट्रेमध्ये ओळीने मांडतात, मीटरच्या खुणा करतात, धुऊन ओला करून भिंगाखाली बघतात. ४७.६ मिलिमीटर जाडीचा एक मीटर दांडा साधारण पावणेपाच किलोचा. मग हिऱ्याच्या करवतीने तो उभा चिरतात. एक फाक ट्रेमध्ये राहते, दुसरी प्रयोगशाळेत जाते. तिथे भरडतात, दळतात, पिठी करतात आणि आजकाल आम्लात विरघळवून तपासायला घेतात ती पाव ग्रॅम. अडीच किलोच्या आसपास फाक, त्यातला दहा हजारांतला एक भाग. पिठी नीट एकजीव झाली नाही तर त्या पाव ग्रॅमवरून एका मीटरची आणि मीटरामीटरांवरून कोट्यवधी डॉलरची गफलत होते. म्हणून दळणाऱ्यांवर तपासनीस आणि त्यांच्यावर आणखी तपासनीस असतात. काही पुड्यांत मुद्दाम आधीच मोजलेली पिठी घालून प्रयोगशाळेचीच परीक्षा घेतात.

ॲडलेडच्या टॉन्सली भागात राज्य सरकारचं कोअरचं ग्रंथालय आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांत तिथे जमलेला माल सुमारे ७५ लाख मीटर लांबीचा: साडेसात हजार किलोमीटर. यातला बराच माल चुऱ्याच्या रूपात आहे, पण आपण उदार होऊन सगळाच अखंड दांडा आहे असं धरू. त्याचं घनफळ तेरा हजार घनमीटरच्या आसपास येतं. स्पर्धेच्या आकाराचे पाच पोहण्याचे तलाव. खाणी सोडल्या तर संपूर्ण राज्याबद्दल खोलातलं जे काही प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलंय, त्यातलं बरंचसं एवढंच. दक्षिण ऑस्ट्रेलियाचं क्षेत्रफळ ९ लाख ८४ हजार चौरस किलोमीटर. एक किलोमीटर खोलीपर्यंतचाच खडक घेतला तरी पाहिलेल्याचं न पाहिलेल्याशी प्रमाण एकास सात हजार कोटींहून जास्त भरतं. बाकी सगळं अनुमान आहे, आणि त्या अनुमानावर शेअर बाजार हलतात.

अनुमान फसतं तेव्हा कसं फसतं, तेही तिथेच बघायला मिळतं. ऑलिम्पिक डॅमपासून पंचवीसेक किलोमीटरवर ॲक्रोपोलिस नावाची जागा आहे. गुरुत्वाचा फुगवटा झकास, चुंबकाचा त्याहून झकास, दोन्ही एकावर एक. भोकं पाडली. निघालं मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचंच चुंबकीय ऑक्साइड, भरपूर. तांबं खाण काढण्याजोगं नाही. नकाशावर दोन्ही भाऊ सारखे दिसतात. एक कुबेर, दुसरा लोहार.

म्हणूनच पुढचे मोठे साठे हाती लागायला बरीच वर्षं गेली. २००५ मध्ये रूडी गोमेझ या अनुभवी माणसाने आपल्या छोट्या कंपनीच्या बळावर, राज्य सरकारने ड्रिलिंगच्या खर्चात घातलेली भर घेऊन, कॅरापटीना इथे भोक पाडलं. ४७६ मीटरपासून पुढे १७८ मीटरमध्ये १.८३ टक्के तांबं. २०११ मध्ये ओझेड मिनरल्स या कंपनीने तो साठा पंचवीस कोटी अमेरिकी डॉलरना घेतला. खाणीतून माल निघू लागला २०१९ च्या अखेरीस. भोकापासून मालापर्यंत चौदा वर्षं. ऑलिम्पिक डॅमलाही १९७५ ते १९८८ अशी तेरा लागली होती. तिथे आता वर्षाला दोन लाख टनांच्या आसपास तांबं निघतं. याच गतीने सात कोटी टन संपवायचे तर साडेतीनशे वर्षं.

आणि झाकण जाड होत चाललंय. २०१८ च्या नोव्हेंबरात बीएचपी या खाण कंपनीने ऑलिम्पिक डॅमच्या आग्नेयेला ६५ किलोमीटरवर ओक डॅम इथला निकाल जाहीर केला. भोकाचं नाव एडी-२३. तांबं सुरू झालं १,०६३ मीटरवर, आणि ४२५ मीटर संपलंच नाही: सरासरी ३.०४ टक्के, त्यातल्या १८० मीटरमध्ये ६.०७ टक्के. कोअर हातात घेतला असता तर प्रत्येक किलोत साठ ग्रॅम तांबं. बातम्यांच्या मथळ्यांत अर्थातच सहा टक्के गेले. सहा वर्षं आणखी भोकं पाडून २०२४ मध्ये पहिला अधिकृत साठा मांडला: १३४ कोटी टन, सरासरी ०.६६ टक्के. मथळ्यातल्या आकड्याच्या नवव्या हिश्शाच्या आसपास. त्यातला २२ कोटी टनांचा भाग मात्र जवळजवळ दोन टक्क्यांचा आहे, आणि तो एक किलोमीटर खाली आहे. तिथवर जायचं तर आधी हजार मीटर बिनकामाचा खडक पोखरून रस्ता न्यावा लागेल.